होडी काठावरच तपासा

होटगीत बोटयार्ड नाही. जंक्शन आहे, सिमेंटचा कारखाना आहे, मठ आहे आणि तलाव आहे. होडी बांधणारा सुतार शोधायला निघालात तर गावात कुणी सापडायचा नाही. तरीही होडी विकत घेणारे, सेकंड हँड होडीचा सौदा करणारे, फुटलेल्या तळाला ठिगळ लावून घेणारे लोक आपल्या सोलापूर जिल्ह्यात पुष्कळ आहेत. तलावांचे ठेके घेणाऱ्या मच्छीमार संस्था, उजनी धरणावर चिलापी धरणारी भोई आणि कोळी कुटुंबं, पंढरीच्या वाळवंटात भाविकांना चंद्रभागेतून फिरवणारे होडीवाले, असे सगळे. त्यांच्यासाठी बांधणीची माहिती देणारं मराठीत फारसं काही मिळत नाही, आणि जे मिळतं ते कोकणातल्या समुद्री नौकांविषयीचं असतं.

समुद्रातली होडी आणि आपली होडी यांचं दुखणं वेगळं असतं. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे जीव असतात. जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकायची चाल त्यांच्यामुळेच पडली. हे जीव आपल्या गोड्या पाण्यात नाहीत. आपला शत्रू वरून येतो. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तलावांचं पाणी आटतं आणि होड्या दोन-तीन महिने, दुष्काळी साली त्याहून जास्त, भेगाळलेल्या गाळावर पडून राहतात. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा उपयुक्त साठा संपून धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. तेव्हा किती होड्या कोरड्यावर होत्या ते काठच्या लोकांनी पाहिलं आहे. ऊन, दगडावर टेकलेला तळ आणि पहिल्या पावसाचं आत साचलेलं पाणी या तिघांनी जेवढ्या होड्या निकामी होतात तेवढ्या लाटांनी होत नाहीत. म्हणून होडी तपासायची ती काठावर असताना, उलटी करून, दिवसाउजेडी. पाण्यात तरंगणारी होडी बघून पैसे मोजणारा माणूस फक्त रंग बघत असतो.

आता बहुतेक सौदा फायबरच्या होडीचा असतो, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू.

फायबरची होडी साच्यात घडते. साच्याला मेण लावून आधी जेलकोटचा थर देतात. हा बाहेरचा रंगीत, गुळगुळीत थर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. त्याच्यावर काचेच्या तंतूंची मॅट आणि विणलेलं कापड आलटून पालटून ठेवून प्रत्येक थर रेझिननं भिजवत जातात. ताकद काचेची असते, रेझिन फक्त तिला धरून ठेवतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर अर्धी फसवणूक टळते, कारण काच महाग आणि मेहनतीची असते. थर कमी करून रेझिन वाढवणं, रेझिनमध्ये खडूची पूड कालवून जाडी दाखवणं, हे प्रकार टाक्या आणि पत्रे बनवणाऱ्या शेडमध्येही चालतात. होडीत मात्र ते जिवावर बेततात. खडू घातलेलं कवच जाड दिसतं, हाताला टणक लागतं आणि दगडावर आपटलं की काचेच्या बरणीसारखं तडकतं.

ओळखायचं कसं? ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर रेझिन पिऊन साधारण एक मिलिमीटर जाडीचा होतो आणि त्याचं वजन चौरस मीटरला दीड किलोच्या आसपास भरतं. समजा होडीच्या कवचाचा पृष्ठभाग दहा चौरस मीटर आहे आणि बनवणाऱ्यानं साडेचार मिलिमीटर जाडी सांगितली आहे. मग नुसत्या कवचाचं वजन पासष्ट किलोच्या घरात यायला हवं. बाकडी, कडा आणि इंजिनची फळी यांचं वजन वेगळं. होडी टेम्पोत घालून वजनकाट्यावर न्या, टेम्पोचं रिकामं वजन वजा करा. त्या काट्याला पाच-दहा किलोंचा फरक समजत नाही, पण थरच्या थर गायब असतील तर हिशोबात दिसतं. वजन फारच कमी आलं तर थर चोरले आहेत. फारच जास्त आलं तर खडू तरी आहे नाहीतर रेझिनचा चिखल तरी.

याहून पक्की परीक्षा आहे, पण ती नवी होडी बनवून घेताना जमते. पाणी काढायचं भोक पाडताना किंवा वरची कड कापताना जो तुकडा निघतो तो मागून घ्या. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहून तो जाळा. धूर विषारी असतो, चुलीत अजिबात नको. रेझिन जळून जातं आणि काच शिल्लक राहते. थर पापुद्र्यांसारखे सुटे होतात, चिमट्यानं मोजता येतात. मध्ये पांढरी भुकटी भरपूर उरली तर ती कशाची आहे हे विचारायची गरज नाही. कंत्राटात चार थर लिहिले असतील आणि हातात तीन आले तर बोलणी तिथूनच सुरू करा.

रेझिन कुठलं वापरलं तेही विचारा. बाजारात जीपी म्हणून मिळतं ते स्वस्त आणि सर्वसाधारण कामाचं. आयसो म्हणतात ते पाण्याला जास्त टिकतं. सगळी होडी आयसोची करणं परवडत नसेल तर निदान जेलकोट आणि त्याच्या लगतचा थर आयसोचा घ्यावा.

फायबरच्या होडीच्या तळाला फोड का येतात याबद्दल बरेच गैरसमज आहेत. जेलकोटमधून पाणी फार हळू, पण झिरपतंच. आत न मुरलेली रसायनं असतील तर ती त्या पाण्यात विरघळतात आणि मग तो दाट द्राव बाहेरचं पाणी आणखी ओढून घेतो. मनुका पाण्यात टाकली की फुगते त्यातलाच हा प्रकार. गंमत अशी की समुद्राचं पाणी स्वतःच खारट असल्यामुळे तिथं ही ओढ कमी असते, गोड्या पाण्यात जास्त. म्हणजे कोकणातल्या विक्रेत्यानं समुद्रात वर्षानुवर्षं फोड आला नाही म्हणून सांगितलं तरी तो शब्द उजनीला लागू पडत नाही. फोड टोचल्यावर चिकट, आंबट वासाचं पाणी निघालं तर हाच रोग. तो कुरूप दिसतो, पण फोडांमुळे होडी बुडाल्याचं सहसा घडत नाही. घासून, नीट वाळवून, एपॉक्सीचा थर देऊन काम भागतं. आमच्याकडच्या लहान तलावांवर होड्या उन्हाळ्यात कोरड्या पडतात, त्यामुळे फोडांचा त्रास आणखी कमी. सेकंड हँड होडीला चार फोड दिसले तर भाव पाडायला ते उत्तम निमित्त आहे, सौदा मोडायला नाही.

मला काळजी वाटते ती थर सुटण्याची. रुपयाचं नाणं घ्या आणि तळभर वीत-वीत अंतरावर टकटक करत जा. घट्ट कवच खणखणीत बोलतं. जिथं आवाज बद्द येतो तिथं दोन थरांमध्ये हवा किंवा पाणी आहे. खडूनं त्या जागेभोवती रेघ मारा. अशा जागा कण्याच्या दोन्ही बाजूंना किंवा बाकड्याच्या सांध्याखाली सलग निघाल्या तर ती होडी घेऊ नका. मग बाहेरचे तडे बघा. एका बिंदूतून चांदणीसारख्या फुटलेल्या बारीक रेषा म्हणजे तिथं कधीतरी ठोकर बसली आहे. उजनीच्या पोटात जुनी गावं आहेत. पाणी उतरलं की पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ वर येतं, तशीच घरांची जोती, विहिरींचे कठडे आणि बांधही पाण्याच्या जरा खाली उभे असतात. तिथून आलेल्या होडीला अशा खुणा असणारच. बाहेर चांदणी दिसली की आतल्या बाजूला नेमकी तीच जागा हात फिरवून बघा. आतही पांढुरका डाग असेल तर मार आरपार गेला आहे.

आतली बाजू तर बघाच. साच्यामुळे बाहेरची बाजू कुणाचीही गुळगुळीत येते. कारागिराचा हात आत दिसतो. कोरडे, न भिजलेले तंतू, बोटाच्या पेराएवढे हवेचे बुडबुडे, कोपऱ्यात साचून कडक झालेलं रेझिन, कापडाच्या टोकावर टोक न चढल्यानं राहिलेली फट, हे सगळं घाईचं काम. दुधाळ चट्टे दिसले तर मॅट दमट होती. यावरून एक साधा सल्ला निघतो: होडी बनवायला टाकायचा हंगाम दिवाळी ते माघ. पावसाळ्यात काच ओल धरते. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्या शेडमध्ये रेझिन बादलीतच तापून आवळतं, मग कारागीर हार्डनर कमी करतो आणि कवच धड मुरत नाही, किंवा तसाच रेटतो आणि जाड थर तापून तडकतो. मच्छीमार मात्र होडीची ऑर्डर देतात ती जूनच्या तोंडावर, पाऊस दिसल्यावर. हे बदलायला हवं.

घरी ठिगळ लावणाऱ्यांसाठी एक इशारा. कोबाल्टचं एक्सलरेटर आणि हार्डनर हे दोन द्राव कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचं आणि हार्डनर शेवटी. दुसरं, तरंगण्यासाठी म्हणून थर्माकोल ठेवून त्यावर थेट रेझिन ओतणारे महाभाग असतात. रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवून टाकतं, वर कवच राहतं आणि आत पोकळी. बाकड्याखाली पीयू फोम भरून घ्यावा, नाहीतर घट्ट झाकणाचे रिकामे प्लास्टिकचे डबे पट्ट्यांनी पक्के बांधावेत. डब्यांची सोय गावंढळ दिसते, पण डबा गळका झाला की दिसतो आणि दुसऱ्या दिवशी बदलता येतो. फोमनं पाणी धरलं तर कळायला वर्ष जातं.

इंजिन लागतं ती मागची फळी ही फायबरच्या होडीतली सगळ्यात फसवी जागा. आत प्लायवूड असतं. इंजिनचे बोल्ट बसवताना पाडलेली भोकं सील केली नसतील तर पाणी प्लायमध्ये उतरतं आणि कवच शाबूत दिसत असतानाच आतलं लाकूड कुजतं. इंजिनच्या डोक्याला धरून वर-खाली दाबा. फळी लवत असेल तर एक बोल्ट काढून दाखवायला सांगा. भोकातून तपकिरी पाणी किंवा ओला भुसा आला तर फळी नवी बसवायचा खर्च किमतीतून वजा करा. विक्रेता बोल्ट काढू देत नसेल तर उत्तर मिळालंच.

लाकडी होड्या आता कमी झाल्या आहेत, तरी संपलेल्या नाहीत. चांगलं लाकूड किती टिकतं याचा दाखला मुंबईनंच दिला आहे. वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. त्यात सागाचा गाभा होता. आपल्याकडे आज ‘सागवानी’ म्हणून मिळणाऱ्या फळीच्या कडेला फिकट पांढरं लाकूड असतं, ते सालीच्या लगतचं. कीड आणि कूज तिथूनच शिरते. टोच्यानं दाबून बघा, विशेषतः जिथं बरगडी फळीला टेकते आणि जिथं साचलेलं पाणी वाळत नाही तिथं. टोचा लोण्यात शिरल्यासारखा गेला तर पुढं बोलायला नको. लोखंडी खिळ्याभोवती लाकूड काळं पडलं असेल तर खिळा आणि लाकूड दोघंही एकमेकांना खात आहेत. नव्या कामात जस्ताचा मुलामा दिलेले किंवा तांब्याचे खिळे मागा.

लाकडी होडीच्या बाबतीत उन्हाळ्यातली एक दुरुस्ती फार नुकसान करते. फळ्या वाळून आकसतात, सांध्यात फटी पडतात आणि त्या बघून घाबरलेला मालक त्यात एपॉक्सीचं कडक लुकण गच्च भरतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं, फुगायला जागा राहत नाही, मग फळी बरगडीपासून सुटते किंवा खिळे उपसले जातात. जुने लोक फटीत कापूस आणि राळ भरत ते उगाच नाही. ते दबतं, फळीबरोबर हलतं. पाण्यात सोडण्याआधी चार-पाच दिवस होडीत ओली पोती पसरून ठेवा, थोडं पाणी शिंपडत राहा. अर्ध्याअधिक फटी आपोआप मिटतात. उरतील त्यांचंच काम करा. जुन्या, दमट लाकडावर सरसकट फायबर चढवून घेण्याचा सल्लाही कुणी देईल. लाकूड पुरतं वाळलेलं नसेल तर ओल आत कोंडते, वरचं कवच छान राहतं आणि आतली होडी संपते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं रबराच्या झाडाच्या लाकडावर फायबर चढवून नौका केल्या, पण ते लाकूड आधी रसायनात मुरवून वाळवलेलं होतं. आपल्या गावातल्या शेडमध्ये ती सोय नाही.

पत्र्याच्या होड्यांबद्दल थोडक्यात. या बहुधा गावातला फॅब्रिकेशनवाला करून देतो. तळाला निदान दहा गेजचा, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरचा पत्रा असावा. चौदा गेज दोन मिलिमीटरचा असतो, तो पाण्याच्या टाकीला ठीक. सांध्यावर वेल्डिंग सलग आहे की मधे मधे नुसते टाके मारून वर लांबी-रंग फिरवला आहे ते रंग देण्यापूर्वी बघायला जा. बारीक छिद्रं शोधायची जुनी पद्धत अजून उत्तम आहे: सांध्याच्या बाहेरून चुना फासायचा, वाळू द्यायचा, आतून रॉकेल किंवा डिझेल पुसायचं. छिद्र असेल तिथं चुन्यावर ओला ठिपका उमटतो. गंज मात्र आतून सुरू होतो, बाकड्याखालच्या कोपऱ्यात, जिथं पाणी आणि माशांची घाण साचते. लहान हातोडीनं तिथं ठोकून बघा. आवाज मऊ आला आणि पापुद्रे पडले तर वरचा ताजा रंग विकण्यासाठी दिलेला आहे. उजनी आणि भीमेवर बेकायदा वाळू उपसणाऱ्या बोटी महसूल खातं धरतं आणि स्फोटकांनी उडवून देतं. अशा कामातून सुटून आलेला, ठिगळ लावलेला सांगाडा स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. पत्रा आतून किती गेला आहे ते मोजायला तुमच्याकडे यंत्र नाही, आणि कागदपत्रं नसतात ती वेगळीच अडचण.

कुठल्याही होडीला लागू पडणाऱ्या दोन मापांना पाच मिनिटं लागतात. नाळेच्या टोकापासून मागच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत दोरी धरा. अंतरात बोटभराहून जास्त फरक असेल तर होडी साच्यात किंवा वाळताना पिळली गेली आहे, ती आयुष्यभर एका बाजूला ओढणार. मग कण्याच्या लांबीवर दोरी ताणून बघा. मध्ये पोटात खड्डा किंवा फुगवटा दिसला तर ती दोन दगडांवर उन्हात ठेवलेली होडी. तुमची होडी उन्हाळ्यात ठेवताना जुने टायर किंवा वाळूची पोती तीन-चार ठिकाणी द्या, शक्यतो उलटी ठेवा, वर पाचट किंवा हिरवी जाळी टाका. निळी ताडपत्री गच्च बांधली तर आत वाफ कोंडते.

गळती शोधायला होडी पाण्यात न ढकलता तिच्यातच पाणी ओता, पण वीतभराच्या आत. चार चौरस मीटरच्या तळावर दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे चारशे किलो, तेव्हा खाली आधार नीट हवा. बाहेरून जिथं ओल उमटेल तिथं खूण करा. होडी पाण्यात ढकलली तर आत पाणी आलेलं दिसतं, पण ते वाहत जाऊन भलतीकडेच साचतं. बाहेरून दिसणारा ठिपका खरी जागा सांगतो.

त्यानंतरच पाण्याची चाचणी, कमरेएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून. दोघं एकाच कडेला उभे राहा आणि कड पाण्यापासून किती वर राहते ते बघा. मग होडी मुद्दाम पाण्यानं भरा. भरलेली होडी कडा पाण्याच्या वर ठेवून तरंगली पाहिजे, माणसाला धरायला काहीतरी राहिलं पाहिजे. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी उजनीत वादळी वाऱ्यात उलटली. सातांपैकी एक जण पोहून काठाला लागला, सहा जण गेले. चांगली बांधलेली होडीही अशा वाऱ्यात उलटू शकते, म्हणून उलटल्यावर ती तरंगते का हा प्रश्न विकत घेतानाच विचारायचा असतो. प्रवासी नेण्यासाठी इंजिनची होडी घेणाऱ्यांनी अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ प्रमाणे तपासणी आणि नोंदणीची चौकशी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आधी करावी; होडी आल्यावर नव्हे.

पैशांचं शेवटी. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत होडी-जाळ्यांसाठी सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. अनुदानाची होडी म्हटलं की बिल आणि फोटो यांच्या घाईत तपासणी राहून जाते. संस्थेनं कोटेशनमध्येच चार ओळी लिहून घ्याव्यात: थर किती आणि कुठल्या ग्रॅमचे, रेझिन जीपी की आयसो, कवचाचं वजन, आणि पाण्यानं भरल्यावर तरंगण्याची चाचणी. कमीत कमी एक पंचमांश रक्कम हातात ठेवा आणि ती चाचणी तलावावर, सभासदांसमोर झाल्याशिवाय देऊ नका.